दोन सीटांची गाडी

"हात द्या," चेतना म्हणाली.

समोरच्या माणसानं उजवा हात पुढे केला. उंचापुरा गडी, रुंद खांदे, आणि तोंड असं पडलेलं की बघणाऱ्याला वाटावं, याचा हातच कापून घेणार आहेत.

"डावा द्या. उजव्यानं तुम्हाला कामं असतील."

"डाव्याला कमी दुखतं का?"

"दुखतच नाही. मूठ आवळा."

एप्रिलची सकाळ होती. शहाद्याच्या बाजारपेठेतल्या त्या लहानशा लॅबमध्ये पंखा फिरत होता, पण वारा कुणाला लागत नव्हता. चेतनानं त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि कोपराच्या खळगीत बोट टेकवून शीर चाचपली. शीर लगेच सापडली. तरी बोट तिथं जरा जास्तच रेंगाळलं, पण हे तिनं कुणापाशी कबूल केलं नसतं. त्यानं मान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटले.

"दुखेल?"

"मुंगी चावल्यासारखं."

"आमच्या डोंगरातली मुंगी चावलीय तुम्हाला कधी? माणूस दोन दिवस लंगडतो."

"झालं. कापूस दाबून धरा."

त्यानं एक डोळा उघडला. "झालं? कळलंच नाही..."

"घाबरट माणसाला बोलण्यात गुंतवावं लागतं."

"सगळ्यांनाच गुंतवता, की...?"

"पुढचे या," चेतना दाराकडे बघत म्हणाली. पण नळीवर नाव लिहिताना तिला हसू आवरेना. इंद्रसिंग पावरा. ताप येऊन गेला, मलेरिया आहे का पाहणे.

त्याच संध्याकाळी ती घरी आली, तर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. अप्पांचे नव्हते, अप्पांच्या टाचा तिनं लांबूनही ओळखल्या असत्या. मग पाना शोधत एक हात बाहेर आला. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा होता आणि त्यावर तिनंच सकाळी तिरकी लावलेली चिकटपट्टी.

"मलेरिया नाही," चेतना त्या पायांना म्हणाली.

गाडीखाली ठण् असा आवाज झाला. डोकं आपटलं होतं.

आता या गाडीविषयी सांगायलाच हवं. कारण त्या घरात तीन माणसं आणि एक गाडी राहायची, आणि चौघांत जास्त लाड गाडीचे व्हायचे. पितांबर पाटील, म्हणजे चेतनाचे अप्पा, आयटीआयमध्ये वेल्डिंगचे निदेशक. फार वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका बड्या बापाच्या लेकानं मुंबईहून ती लाल स्पोर्ट्स कार आणली होती. दोन दारं, दोनच सीटा, वर कापडाचं छप्पर. महिनाभर त्यानं गावोगावच्या कोंबड्या उडवल्या आणि मग प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे एका कडुलिंबावर गाडी घातली. लेक वाचला, गाडी भंगारात निघाली, आणि भंगारवाल्याच्या आधी अप्पा पोचले. दुरुस्त करायची, निर्मलाबाईंना शेजारी बसवायचं आणि एकदा समुद्र दाखवायचा, असं अप्पांचं ठरलं होतं. निर्मलाबाईंचं काही ठरलं नव्हतं. "उघडी गाडीमा डोकावर पदर टिकी का?" असं विचारून त्यांनी तो विषय मिटवला होता. मग संसार, बदल्या टाळण्याच्या खटपटी, चेतनाचं शिक्षण. गाडी शेडमध्येच राहिली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ मिळायची, एवढाच तिचा मान.

पण आता ऑगस्टअखेर अप्पा निवृत्त होणार होते. सरकारी क्वार्टर सोडून कळसाडीला जायचं होतं, भावाच्या शेजारी, वाटणीच्या दोन खोल्यांत. तिथं गाडीला जागा नव्हती.

"रिटायर व्हाना पहिले हाई डबडी इकी टाका," निर्मलाबाईंनी सांगून टाकलं होतं. "नही तं तुम्ही आनी ती जा कळसाडीले. मी आठेच ऱ्हासू."

विकायची, पण चालती करून विकायची, एवढाच अप्पांचा हट्ट उरला. धडगावहून बदलून आलेला मोटार मेकॅनिकचा नवा निदेशक संध्याकाळी खोलीवर एकटाच भाकरी थापत बसायचा. अप्पांनी त्याला गाडी दाखवली. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हिला असं मरू द्यायचं नाही." अप्पांना त्या दिवशी जिवाभावाचा माणूस मिळाला.

मे महिना गाडीनं खाल्ला. अप्पा कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचे, इंद्रसिंग इंजिनात हात घालून बसायचा, आणि चेतनाच्या वाट्याला घासकाम आलं. पत्र्यावर लांबीची पुट्टी भरून झाली की ती ओल्या काचकागदानं घासत बसायची, हात गुळगुळीत फिरेपर्यंत. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लॅबमधून आली की ओढणी कमरेला खोचून ती आपणहून शेडमध्ये यायची, आणि घासकामाची तिला अचानक एवढी आवड कशी लागली, हे विचारायला अप्पांना सवड नव्हती.

इंद्रसिंगची मराठी आश्रमशाळेतली, पुस्तकातून उतरवल्यासारखी. अहिराणी त्याला कळायची, बोलता यायची नाही.

"तुमच्यात 'मला' म्हणायचं असेल तर?" एकदा त्यानं इंजिनात डोकं घालूनच विचारलं.

"माले."

"आणि 'तू आवडतेस'?"

चेतनाचा हात थांबला. "ते तुम्हाला कशाला लागतंय? पोरांना शिकवायचंय का वर्गात?"

"भाषा अर्धवट शिकू नये."

"तू... माले आवडस," ती पत्र्याकडे बघत घाईघाईनं म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस," इंद्रसिंग म्हणाला. "मी म्हटलं, आता मलाच बोलावं लागतं की काय."

तिनं ओला कागद त्याच्या पाठीवर फेकला. तो पाठीला चिकटून बसला आणि दोघंही हसत सुटले. अप्पा पलीकडे वेल्डिंगचा चष्मा लावून ठिणग्यांत बसले होते. त्यांना काही दिसलं नाही.

"तुमच्या पावरीत काय म्हणतात?" हसू थांबल्यावर तिनं हळूच विचारलं.

"सांगेन. पण इथं नाही. ही गाडी चालू झाली की रस्त्यावर, वाऱ्यात सांगेन."

"का? इथं काय झालं?"

"इथं पत्रा फार तापतो," तो म्हणाला.

निर्मलाबाई वाईट नव्हत्या, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. कैरीचं पन्हं केलं की त्या आठवणीनं शेडमध्ये आणायच्या, इंद्रसिंग उपाशी तर नाही ना, हे अप्पांना विचारायच्या. पण घरातल्यांचा चहा कपात यायचा आणि इंद्रसिंगचा स्टीलच्या एका ग्लासात. तो ग्लास शेडच्या बुटक्या भिंतीवरच राहायचा, घरात जायचा नाही. निर्मलाबाई वरून चहा ओतायच्या. पिऊन झालं की इंद्रसिंग नळाखाली ग्लास विसळायचा आणि भिंतीवर उपडा ठेवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडत नाही, हीच त्यातली लाज होती.

"तुम्ही कशाला धुता? मी धुते," पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेतना कशीबशी म्हणाली.

"आश्रमशाळेची सवय. आपापलं भांडं आपण."

तो खोटं बोलत होता आणि तिच्यासाठी बोलत होता. तिला त्या दिवशी मान वर करवेना.

जुलैच्या एका संध्याकाळी इंजिन चालू झालं. बाहेर पाऊस चांगला लागून होता. इंद्रसिंगनं किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि मग असा आवाज निघाला की शेडचा पत्रा थरथरला. अप्पांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो उचलेनात. मग शेजारच्या क्वार्टरमध्ये सांगायला ते भर पावसात, चपला न घालताच धावले.

शेडमध्ये दोघंच उरली. इंद्रसिंगचा अर्धा चहा भिंतीवर तसाच होता. चेतनानं तो ग्लास उचलला आणि तोंडाला लावला.

"ग्लास माझा आहे तो."

"माहीत आहे."

"उष्टा आहे."

"माहीत आहे."

तिनं सगळा चहा प्यायला. गार होता, साय धरलेली. तो तिच्याकडे बघत होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आता?" शेवटी त्यानं विचारलं.

"आता काय... आता ग्लास मी धुणार."

ती नळाकडे वळली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत निर्मलाबाई उभ्या होत्या. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. त्या रागावल्या नाहीत. खिडकीतून बाजूला झाल्या आणि रात्री नेहमीसारखी खिचडी वाढली. चेतनाला हायसं वाटलं. खरं तर घाबरायची वेळ तीच होती.

श्रावण लागला आणि घराघरांत कानबाई देवीच्या उत्सवाची तयारी सुरू झाली. पाटलांची कानबाई कळसाडीला, थोरल्या भावाकडे, उखाकाकांच्या घरी बसायची. सगळं कूळ तिथं जमायचं. वर्षभर बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा त्या दिवशी एका पंगतीला बसायचे. आणि मुख्य गोष्ट रोटांची. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू आणि डाळ मुठीनं मोजून दळायची, त्या पिठाचे रोट करायचे, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. बाहेरचा कितीही जवळचा असो, त्याला पुरणपोळी वाढतील, खीर वाढतील, रोट नाही. जावयालाही नाही. ज्याच्या पानात रोट पडला, तो भाऊबंद.

निर्मलाबाईंच्या घरचं दळण दरवर्षी एका नावाचं असायचं. अप्पांचं. जावा पोरा-नातवांच्या नावानं मोजत बसायच्या आणि निर्मलाबाईंचं मोजून लगेच संपायचं. चेतना झाली, त्यानंतर काही झालं नाही. त्या यावर कधी बोलत नसत, पण कानबाईच्या आदल्या दिवशी त्यांचं डोकं हमखास दुखायचं.

या वर्षी दुखलं नाही. त्यांनी अप्पांच्या नावानं गहू मोजले आणि मग पुन्हा एकदा मोजले.

"हाई कोनं?" चेतनानं विचारलं.

"कळी. पावराले सांग, रविवारले कळसाडीले जेवाले येवानं. मी बलायेल शे म्हना."

बस्स. त्याला जेवायला बोलावलंय, आणि मायनं स्वतः बोलावलंय, एवढंच चेतनाच्या कानात शिरलं. त्या दुसऱ्या मापाचं तिला भानच राहिलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला हव्या त्याच गोष्टी ऐकू येतात, आणि ती तर त्या दिवशी तरंगतच लॅबला गेली.

रविवारी ती लाल गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. अप्पा आणि इंद्रसिंग तिच्यातून कळसाडीत शिरले तेव्हा अख्खं गाव ओट्यांवर आलं. अप्पांनी गाडीतूनच सगळ्यांना रामराम घातला. सुरतेच्या कुणा हौशी माणसानं गाडी पसंत केली होती, येत्या गुरुवारी ती पोचवायची होती. पण त्या दिवशी तरी गाडी अप्पांची होती.

आत चौरंगावर कानबाई बसलेली, नारळाला डोळे रेखलेले, नाकात नथ. बाया गाणी म्हणत होत्या. इंद्रसिंग सवयीनं ओट्याच्या कडेला टेकला.

"तठे काबर बठना?" निर्मलाबाईंनी दारात येऊन त्याला आत बोलावलं. "मझार ये."

त्यानं चेतनाकडे पाहिलं. जाऊ का, असं त्याचे डोळे विचारत होते. आणि चेतनानं मान हलवली. तिनंच हलवली. पुढं कितीतरी दिवस तिला ती आपलीच मान आठवत राहिली.

पंगत बसली. अप्पांच्या शेजारी इंद्रसिंग. त्याच्यासमोर घरचं पितळी ताट होतं, इतरांसारखंच. चेतना खिरीचं पातेलं घेऊन वाढत त्या ओळीत आली आणि तिला दिसलं, निर्मलाबाई वाकून त्याच्या ताटात रोट ठेवत होत्या.

"निर्मला, तो रोट शे," उखाकाका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण पंगत थांबली.

"माले म्हाईत शे, भाऊ. माले पोऱ्या नही. आजपासून हाऊ मन्हा आंडोर. त्याना नावनं मी मोजेल शे, देवीसमोर." निर्मलाबाईंनी चौरंगाकडे बोट केलं. "आते देवीनंच नही म्हनावं."

कुणीतरी खाकरलं. पण देवीपुढं मोजलेलं परत घेता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उखाकाकांनी मिशीवरून हात फिरवला. अप्पांचे डोळे भरून आले होते. या पोराला ते मनातून केव्हाच लेक मानून बसले होते. बायकोच्या मनात तेच आहे, हे त्यांना आज कळत होतं.

इंद्रसिंगला रोटाचं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की भिंतीवरच्या ग्लासातून तो एकदम घरच्या ताटावर आला होता. त्यानं निर्मलाबाईंपुढे हात जोडले.

"आमच्या घरी म्हणतात," तो ओल्या डोळ्यांनी अप्पांना म्हणाला, "ज्यानं आपल्या ताटातलं वाढलं, त्यानं आपलं मानलं."

एक शब्द पुरला असता. खाऊ नकोस, एवढाच. चेतनाचं तोंड उघडलं. निर्मलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ती बोललीही असती, पण त्या नजरेनं हात जोडले होते. शेजारी अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते.

"खीर वाढू?" चेतना म्हणाली.

त्यानं रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला. वर तिच्याकडे बघून हसला.

"चाल, आते तू बी भाऊबंद," उखाकाकांनी एकदाचा सुस्कारा सोडला. "चेतनाले राखीनी ओवाळनी देनी पडी बरं. पाटलासनी पोर शे, सस्तामा सुटाव नही."

पंगत हसली. इंद्रसिंगचं चावणं थांबलं. त्यानं चेतनाकडे पाहिलं, आणि चेतना पातेल्यात बघत राहिली, जणू खिरीत काही पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. विसर्जन झालं, बाया पुढे निघाल्या, आणि चेतना आईशेजारी ओल्या वाळूत उभी राहिली.

"तुले समदं म्हाईत व्हतं, माय."

"म्हनीसन तं." निर्मलाबाईंनी लुगड्याचा ओला काठ पिळला. "पोऱ्या चांगला शे. खराब ऱ्हाता तं दारमातूनच काढी देती. चांगला शे म्हनीसन तुन्हा भाऊ कया."

"आनी मी?"

"तुन्हा बापले आते याच गावमा ऱ्हानं शे, पोरी. याच लोकेसमा बठनं शे. नोकरीमा व्हता तवपर्यंत ठीक व्हतं." त्यांनी चेतनाच्या गालावरून ओला हात फिरवला. "माले बी पोऱ्या मियना. मी काय खोटं करं नही."

खोटं नव्हतंच ते. खोटं असतं तर चेतनाला त्यांचा तिरस्कार करता आला असता.

मंगळवारी शेडमध्ये इंद्रसिंग गाडीला शेवटचं पॉलिश मारत होता. अप्पा आयटीआयमध्येच होते.

"तुला माहीत होतं?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"ताटात पडेपर्यंत नाही."

"आणि पडल्यावर?"

तिनं बॉनेटवरचा एक डाग ओढणीनं पुसला.

"तू एक शब्द बोलली असतीस तर मी पानावरून उठलो असतो. सगळ्या गावासमोर."

"अप्पा रडत होते, इंद्रसिंग."

"मीही रडत होतो, चेतना. मला वाटलं... ग्लासाचं संपलं." त्यानं फडकं खाली ठेवलं आणि तिच्याकडे वळला. "एका रोटानं मी तुझा भाऊ होत नाही. मी नाही मानत. तू मानतेस?"

"नाही."

"मग ऐक. गुरुवारी मी गाडी घेऊन सुरतेला जाणार. सर येत नाहीत, त्यांना बघवणार नाही म्हणाले. दोन सीटा आहेत. तू शेजारी बस. पण नाक्यावर येऊन, तोंड बांधून नाही. इथून, या दारातून, सरांना सांगून. चोरून न्यायला मी चोर नाही आणि तू कुणाचा माल नाहीस. परत यायचं की नाही, ते दोघांनी तिथं ठरवू."

"येते," चेतना म्हणाली.

"सांगशील?"

"सांगेन. म्हटलं ना, येते."

त्यावर तो खूप दिवसांनी पहिल्यासारखा हसला. "मग त्या पावरी शब्दाचं बघू. खांडबारा ओलांडला की सांगतो. तिथं रस्ता बरा आहे."

गुरुवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. चेतनानं एका पिशवीत दोन ड्रेस आणि शाळेचे दाखले भरले. अप्पांना सांगायचं वाक्य तिनं रात्रभर घोकलं होतं. साधं होतं. अप्पा, मी इंद्रसिंगबरोबर जातेय, त्याच्याशी लग्न करणार आहे. तिनं आरशात म्हणून पाहिलं, आवाज कापला नाही. पिशवी खांद्याला लावून ती बाहेर आली.

गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून, नव्या नवरीसारखी. इंद्रसिंग स्टिअरिंगवर बसला होता. आणि शेजारच्या सीटवर अप्पा. इस्त्रीचा शर्ट, कानाला मफलर, मांडीवर निर्मलाबाईंनी दिलेला डबा.

"सर, तुम्ही येणार नव्हता ना?" इंद्रसिंग विचारत होता.

"डोळाले डोळा लागना नही भाऊ," अप्पा म्हणाले. ते लाजले होते, लहान पोरासारखे. "इतला वरीस हातनी बनाडी, आनी मी काय तिच्यामा कळसाडीना पुढे गयू नही. सुरतपर्यंत तं बठू दे. तठून आगगाडीवर येसूत दोन्ही बाप-ल्योक." मग त्यांना चेतना दिसली. "कोठे चालनी वं बॅग लेईसन?"

त्यांना काही ठाऊक नव्हतं. कानबाईसमोर जे घडलं त्याच्या पोटात काय होतं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याच्या आयुष्यातली एक हौस होती आणि ती आज दुपारपर्यंत संपणार होती. तोवर तो त्या सीटवर बसणार होता.

इंद्रसिंगनं किल्लीवरचा हात काढून घेतला. तो चेतनाकडे बघत होता. तो वाट बघत होता, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"अप्पा..." चेतना म्हणाली.

"काय वं?"

निर्मलाबाई दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. पाऊस अप्पांच्या चष्म्यावर पडत होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं, इतके ते खुशीत होते.

"लॅबमा," चेतना म्हणाली. "लॅबमा चालनू."

इंद्रसिंग आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं मान वळवली आणि किल्ली फिरवली. निर्मलाबाईंनी पुढे होऊन दोघांच्या हातावर दही ठेवलं, आधी नवऱ्याच्या, मग मुलाच्या. गाडी वळली. अप्पा मागं वळून हात हलवत होते, वळणापर्यंत हलवत होते. गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. एवढा चांगला आवाज त्यांनीच तिघांनी मिळून काढला होता. आवाज थांबल्यावर चेतना खरोखरच लॅबला गेली आणि दुपारपर्यंत लोकांची रक्तं काढत बसली. घासून गुळगुळीत करायची आणि देऊन टाकायची, ही त्यांच्या घरची पद्धतच होती. एका जागी बसून हा विचार करायला नको म्हणून तिनं जेवणाची सुट्टीही घेतली नाही.

शनिवारी राखीपौर्णिमा होती. अप्पांनीच इंद्रसिंगला बोलावून घेतलं. तो येणार नाही, असं चेतनाला वाटत होतं. ती मनातल्या मनात तशी प्रार्थनाही करत होती. तो आला. पांढरा शर्ट, केसांना तेल. रिकाम्या शेडकडे त्यानं पाहिलं नाही. भिंतीवर तो ग्लास नव्हता. निर्मलाबाईंनी तो कुठेतरी टाकून दिला होता. चहा त्याला घरात, घरच्या कपात मिळाला. त्यानं तो सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि सवयीनं धुवायला उठायला लागला.

"बठ, ठेव तो. घरमा कोनी आपला कप धोस का?" निर्मलाबाई मायेनं म्हणाल्या.

तो पाटावर बसला. चेतना ताट घेऊन समोर आली. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. ताटातली राखी तिनं उचलली. लाल होती, अप्पांनी हौसेनं आणलेली, गाडीच्या रंगाची.

"हात द्या," ती म्हणाली.

त्यानं डावा हात पुढे केला.

"उजवा रे भाऊ, उजवा," अप्पा हसले. "राखी उजवाले बांधतस."

त्यानं हात बदलला. मूठ आवळली. मान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"दुखेल?" तिला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू त्यानं विचारलं.

"हो," चेतना म्हणाली, आणि तिनं गाठ बांधली.